बीजसोनं

ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. कोणी बाभळीवर चढलेलं, कोणी बैलगाडीच्या जुवावर, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर. खाली वाळूत वाघाच्या कातड्यावर कांचननाथ महाराज बसले होते, आणि त्यांच्यापुढे आपण पीठ मळतो तसली लाकडी काठवट.

महाराजांनी ओढ्यातली मूठभर वाळू काठवटीत टाकली. चांदीच्या डबीतला चिमूटभर अंगारा तिच्यावर सोडला. घागरीचं पाणी ओतलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी काठवट हळूहळू डोलवली. वाळू पाण्याबरोबर वाहून गेली. तळाशी पिवळी रेघ उरली, केसाएवढी. पण उन्हात ती अशी चमकली की काठावरच्या बायांनी एकदम हात जोडले.

"धरतीमाता के पेट में सोने की नाडी चल रही है," महाराज म्हणाले. "राजा पुण्यवान, रयत पुण्यवान. अब हल छोडो, पसीना छोडो. सोना उगेगा, तुम खाओगे."

महाराज हिमालयातून आलेले, म्हणून हिंदी बोलत. उठताना पायात बाभळीचा काटा गेला तेव्हा मात्र तोंडून 'आयव' निघालं ते अस्सल आपल्याकडचं. मी ते ऐकलं. बाकीच्यांचे कान त्या घडीला डोळ्यांत गेले होते.

आमचं हिंगणखोरे म्हणजे पाथर्डी आणि जामखेडच्या मधल्या उजाड डोंगरांतलं अकरा गावांचं संस्थान. शिक्का वेगळा, झेंडा वेगळा, नऊ शिपायांची पलटण आणि बाहेर जायच्या एकमेव रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला नाका. जहागीरदार आप्पासाहेब, त्यांना 'सरकार' म्हणायचं. सत्तेचाळीस सालचा कार्तिक चालू होता. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण ते स्वातंत्र्य आमच्या नाक्याच्या पलीकडे येऊन थांबलं होतं. आजूबाजूचे संस्थानिक विलीन व्हायच्या गोष्टी बोलत होते. आमच्या सरकारांना ते नको होतं, आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या ओढ्यात सोनं निघालं.

मी इथली मास्तरीण. म्हणजे मास्तर माझे यजमान होते. ते गेले, संस्थानानं शाळा बंद केली, तरी सात मुली पाटी घेऊन येत राहिल्या, म्हणून मी शिकवत राहिले. माझं स्वतःचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालेलं.

त्याच आठवड्यात दिवाण मार्तंडरावांनी चावडीपुढे सभा घेतली.

"इंग्लंडाकडे कोळसा आहे," दिवाण म्हणाले, "इराणाकडे तेल आहे. हिंगणखोऱ्याकडे सोनं आहे. आजपासून आपण जहागीर नाही. आपण राष्ट्र आहोत."

पुंजारामबाबा सगळ्यांत म्हातारे, पुढेच बसलेले. त्यांनी विचारलं, "राष्ट्र झालो म्हंजी आता दवाखाना यील का, दिवाणजी?"

"येईल. सोन्याच्या भिंतींचा येईल."

"भिती मातीच्या आसल्या तरी चालत्याल. औषिध आसावं."

लोक हसले. दिवाणही हसले, आणि दवाखान्याचा विषय तिथं संपला.

मग प्रत्येक घराला सरकारी शिक्क्याची एकेक सोनचिठ्ठी मिळाली. खाण लागली की चिठ्ठीवर वाटा. अट एकच: जो नाका ओलांडून बाहेर जाईल त्याची चिठ्ठी रद्द. महाराजांनी कारणही सांगितलं. सोन्याला आपली माणसं कळतात. माणूस हद्द सोडून गेला की सोनं रुसून हातभर खाली जातं. दरसाल दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी माणसं कोयते घेऊन बेलापूरकडे ऊस तोडायला जात. त्या साली कोणी गेलं नाही. पहिले आठ दिवस शिपायांनी अडवलं, पुढं शिपायांची गरजच उरली नाही. माणसं एकमेकांना अडवायला लागली. "तू ग्येलास तर समद्यांचं सोनं खाली जाईल," म्हणून भावानं भावाचा कोयता लपवला.

शेतसारा माफ झाला त्या दिवशी ढोल वाजले. मला मात्र त्या ढोलांची भीती वाटली. ज्या राजाला रयतेच्या ज्वारीची गरज उरत नाही, त्याला रयतेच्या घरात ज्वारी आहे की नाही याची खबरही लागत नाही. तसंच झालं. ओढ्याचं पाणी सोनं धुण्याच्या टाक्याकडे वळवलं, खालची रब्बी वाळली आणि वाड्यावरून कोणी बघायला आलं नाही. मार्गशीर्षात लोक एक वेळ जेवत होते आणि सोन्याच्या राष्ट्राचे नागरिक होते.

आणखी एक गोष्ट झाली. महाराज म्हणाले, सोन्याला बीज लागतं. घरटी गुंजभर का होईना सोनं द्या. ते मंत्रून धरतीत टाकू, मग शंभर पटीनं वर येईल.

"पेरल्याबिगर उगवतं व्हय?" जो तो म्हणाला. दुसरीकडचा एखादा व्यापारी या बोलण्याला भुलला नसता. आमची माणसं भुलली, कारण ती शेतकरी होती. ज्यांनी जन्मभर मूठभर पेरून पोतंभर काढलं, त्यांना यात काही चुकीचं दिसेना.

मी पुंजारामबाबांना म्हटलं, "बाबा, दगड पेरून कधी दगड उगवलाय का?"

"बाई, तुमचं वाचून वाचून डोस्कं फिरलंय," ते प्रेमानं म्हणाले, आणि मेलेल्या बायकोची नथ देऊन आले.

मनकर्णेनं कानातली कुडकी दिली. म्हणजे तिच्या नवऱ्यानं, भीमानं, काढून नेली. मनकर्णा माझी शेजारीण. ओढ्याच्या वळणावर तिचा तीन एकरांचा मळा. तिला भाऊ नव्हता, म्हणून तो बापाकडून आला. कागदावर नाव भीमाचं. त्या मळ्यातली विहीर नवरा-बायकोनं चार उन्हाळे खपून खणली होती, आणि अकरा गावांत बारमाही पाणी तेवढ्या एका विहिरीला होतं.

पौष लागला आणि महाराजांना दृष्टांत झाला. सोन्याची मुख्य नाडी मनकर्णेच्या मळ्याखालून जाते.

मनकर्णा सरकारी कागद घेऊन माझ्याकडे आली. पौर्णिमेला भर मळ्यात भीमानं त्यावर अंगठा लावायचा होता. मी वाचून दाखवलं. मळा आणि विहीर खाणीसाठी सरकारजमा. कुटुंबानं खाणीत काम करावं. काम पुरं होईपर्यंत हद्द सोडू नये.

"पुरं कदी हुईल?" तिनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

तिनं कागदाची घडी घातली. "धनी म्हनत्यात, लावू अंगठा. म्या न्हाई म्हनलं तर समदं गाव म्हनतंय, तुज्यापायी सोनं आडलं. काल आमच्याच हिरीवर एकीनं माजी घागर बाजूला सारली." पदराच्या गाठीतून तिनं एक पुडी काढली. "ह्यो अंगारा दिलाय महाराजांनी. कपाळाला लाव म्हंजी मन वळंल."

पडवीत राहीबाई भाकरी खात बसली होती. राहीबाई झारेकरीण. सोनाराच्या भट्टीतली राख आणि दुकानापुढची धूळ विकत घ्यायची, धुवायची, आणि त्यातून निघालेल्या सोन्याच्या कणांवर पोट भरायचं, हा तिच्या घराचा पिढ्यांचा धंदा. दिवाळीनंतर आठ दिवसांसाठी आली, आणि परत जाताना नाक्यावर शिपायानं तिची राखेची पाटी बघून सांगितलं, राखेतून सोनं बाहेर जाईल, तुला सोडता येत नाही. तेव्हापासून ती माझ्या पडवीत होती. नगरला तिची सून दिवस भरत आलेली. ती रोज बोटं मोजायची आणि मोजून झाली की शिपायाला शिव्या द्यायची.

"बघू ती पुडी," ती म्हणाली. चिमूट तळहातावर घेतली, बोटानं रगडली, थुंकी लावून पुन्हा रगडली. मग म्हणाली, "ही देवाची राख न्हाई. ही आमची राख हाय."

"म्हणजे?"

"सोनाराच्या भट्टीची. मी इचार करीत हुते, बाई. तुमच्या गावचा सोनार दोन महिनं वाड्यात बसलाय, कानस चालल्याचा आवाज बाहीर येतो. मग राख कुटं जाती? म्या इचारलं तर म्हनला, राख न्हाईच. भट्टी हाय अन् राख न्हाई, आसं आजपतूर आईकलं न्हाई."

तिनं माझ्या परातीत ती पुडी धुतली. तळाशी पिवळा कण उरला.

मी उठलेच. "चल, आत्ताच्या आत्ता चावडीवर दाखवू."

"नगं," मनकर्णा म्हणाली. "तुमच्या घरात धुतलं म्हनत्यान. तुमीच टाकलं म्हनत्यान. धुवायचं तर समद्यांम्होरं. अन् त्येंच्याच डबीतला अंगारा घिऊन." राहीबाईकडे वळून तिनं विचारलं, "मावशे, काठवट कशी हालवायची त्ये मला शिकीव."

पौर्णिमेच्या सकाळी कांद्याची कोवळी लावण तुडवत अकरा गावं मळ्यात उभी राहिली. विहिरीजवळ सरकारांची मोटार, बाजूला वाघाचं कातडं आणि महाराजांची पेटती धुनी. सरकार आतच बसलेले. दिवाणांनी खुर्चीवर कागद पसरला. शिपायानं भीमाचा अंगठा शाईत बुडवला. भीमा वाईट माणूस नव्हे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी अंगठा पुढं होता.

मनकर्णा पुढं झाली. डोक्यावरून पदर, हात जोडलेले.

"सरकार, लेक सासरी धाडताना आई तिला शेवटचं न्हाऊ घालती. ह्यो मळा माजी लेक हाय. अंगठ्याच्या आदी एक डाव माज्या हातानं हितली माती धुऊ द्या."

गर्दीतून बाया म्हणाल्या, "द्या, द्या." दिवाणांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज उदार हसले. "जरूर, बेटी. माता का हक है."

तिनं बांधाजवळची वाळू काठवटीत घेतली, पाणी ओतलं आणि तीन दिवस शिकली होती तशी डोलवली. वाळू गेली. तळ कोरा.

गर्दीत कुजबुज झाली. महाराज म्हणाले, "अंगारा भूल गई, बेटी."

"व्हय की. चुकलं महाराज. द्या." तिनं त्यांच्याच डबीतून चिमूट घेतली. मात्र या वेळी काठवटीत माती टाकली ती कमरेच्या पिशवीतली. अंगारा, पाणी, डोलवणं. तळाशी पिवळी रेघ.

"निगालं, निगालं," लोक म्हणाले. शिपायानं भीमाचा हात धरला.

"थांबा," मनकर्णा म्हणाली. "ही माती मळ्यातली न्हाई. माज्या चुलीतली हाय."

कोणाला काही कळेना. पुंजारामबाबा म्हणाले, "चुलीतली?"

"व्हय बाबा. सकाळी खरवडून आनली. मग आता माज्या चुलीचीबी खान करा. तुमच्या चुलीतबी निगंल, बघायचं का?"

पहिलं हसू एका म्हातारीला आलं. दिवाणांचा चेहरा बदलला. "भीमा, बायकोला आवर," ते म्हणाले.

भीमानं आवरलं नाही. तो काठवटीकडं बघत होता. मनकर्णेनं तिसऱ्यांदा काठवट धुतली, उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि तिच्यात काहीच टाकलं नाही, फक्त अंगारा. जरा मोठी चिमूट. पाणी ओतलं. पहिल्यापेक्षा जाड रेघ निघाली.

महाराज कच्चे नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "देखो, देखो! अंगारे में सोना! यही तो चमत्कार है!"

आणि काय सांगू, लोकांनी हात जोडलेसुद्धा.  सगळं उघड्यावर आलं होतं, आणि तेच उघडं पडलेलं त्यांना पुन्हा देव दिसत होतं. दिवाणांनी भीमाचा अंगठा स्वतः धरला आणि कागदाकडं नेला.

मनकर्णा ओरडली नाही. ती साध्या आवाजात म्हणाली, "महाराज, सोनं तुमच्या अंगाऱ्यात हाय. मग माजं रान कशाला पायजे?"

महाराजांचे हात वरच राहिले.

"पोतंभर अंगारा करा. आमी समदे येऊन धुतो. हिर कशाला पायजे? आमी हद्द सोडायची न्हाई ती कशाला? सांगा की."

महाराजांनी दिवाणांकडं पाहिलं, दिवाणांनी मोटारीकडं.  तेवढ्यात राहीबाई पुढं आली आणि काठवटीत वाकली. सोन्याला चिकटलेले दोन-तीन बारीक लाल ठिपके तिनं नखावर उचलले.

"ह्ये काय हाय, कोन सांगल? मी सांगते. लाख हाय. सोन्याचा मनी आतून पोकळ असतो, वजनाला त्यात लाख भरत्यात. दागिना किसला की सोन्यासंगं लाखबी पडती. ओढ्याच्या सोन्यात लाख कुटनं येईल?" महाराजांच्या धुनीतला निखारा चिमट्यानं उचलून तिनं त्यावर ते ठिपके ठेवले. ठिपके फुगले, वितळले आणि वास सुटला. सोनाराच्या दुकानात बसलेल्या प्रत्येक बाईला तो वास ठाऊक होता. आणि लग्न झालेली प्रत्येक बाई सोनाराच्या दुकानात बसलेली असते.

"म्हंजी," भीमा अडखळत म्हणाला, "ह्ये आमचंच?"

"तुमचंच, बाबा. तुमी बीज दिलं, सोनारानं किसलं, त्याच्याच भट्टीच्या राखंत मिसळलं, अन् चिमूट चिमूट तुमालाच दावलं. बाकीचं कुटं ग्येलं त्ये वाड्याला इचारा."

पुंजारामबाबा खाली बसले. बहुधा नथ आठवली असावी. 

 दिवाण आवाज न चढवता बोलले, म्हणून जास्त भीती वाटली. "चमत्कार असो नसो. सरकारचा हुकूम आहे. भीमा, अंगठा."

मला तेव्हा कळलं की आम्ही धुऊन काढली ती फक्त राख. खालची काठवट अजून वाड्याचीच होती. शिपाई नऊ होते, बंदुका दोन, नाका बंद. भीमानं अंगठ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. मग तो वाकला, आणि चेंगरलेल्या कांद्याच्या वाफ्यातली ओली माती घेऊन त्यानं अंगठा चोळला. शाई जाईपर्यंत चोळत राहिला.

"माज्या बायकूचं रान हाय," तो म्हणाला. "तिला इचारा."

दिवाणांनी मनकर्णेकडं पाहिलं, आणि तिच्यामागं उभ्या राहिलेल्या बायांकडं. एक एक करून त्या तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी जिनं घागर सारली होती तीसुद्धा. एकीनं विचारलं, "आमचं बीज कदी द्येनार?" मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. महाराज वाघाचं कातडं तिथंच टाकून मोटारीकडं धावले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "अहो थांबा, मला घ्या."

यानंतर सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मळा वाचला. वाड्याचं दार बंद राहिलं. बीजातलं फार थोडं परत मिळालं, तेही संस्थान विलीन झाल्यावर, अर्ज करकरून. बाकी दिवाणांबरोबर कुठंतरी गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर माणसं कोयते घेऊन नाक्यावर गेली. राहीबाई सगळ्यांत पुढं, डोक्यावर रिकामी पाटी. शिपाई म्हणाला, "चिठ्ठ्या रद्द हुत्याल." त्यांनी चिठ्ठ्या बांबूखाली ठेवल्या, वर दगड ठेवला आणि बांबू स्वतःच उचलला. राहीबाई नगरला पोचली तेव्हा तिचा नातू चार दिवसांचा झाला होता.

सगळे गेले नाहीत. निम्मे राहिले. त्यांना लाखेचा वास आला होता, तरी राहिले. पुंजारामबाबांची सोनचिठ्ठी मी नंतर त्यांच्या देव्हाऱ्यात पाहिली. विचारलं, तर म्हणाले, "खोटी हाय, ठावं हाय मला. पर फाडवत न्हाई, बाई. तिच्यापायी नथ दिली नव्हं."

मला त्यांच्यावर रागवता आलं नाही. माणूस फसतो तेव्हा त्याला बाहेरून कोणी कोंडत नाही. जे देऊन बसलो ते वाया गेलं असं म्हणवत नाही, म्हणून तो आतून कडी लावून घेतो. ती कडी काढायला हसून चालत नाही. शेजारी बसावं लागतं.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. कोणी तुम्हाला कष्टाशिवायचं सोनं दाखवलं, देवाच्या नावानं दाखवलं काय आणि देशाच्या नावानं दाखवलं काय, तर ते कुठून आलं हे विचारा. एकट्यानं विचारू नका, चारचौघांत विचारा, आणि त्याच्याच हातातली राख घेऊन धुऊन बघा. विचारलं की सोनं खाली जातं असं जर कोणी म्हणालं, तर समजा, ते तिथं कधी नव्हतंच.